रस्त्यावरच्या झाडाचा वारस कोण?

रोजाच्या दिवशी दुपारी तीननंतरचा वेळ लांबत जातो. जोहरची नमाज होऊन गेलेली असते, असरला अजून अवकाश असतो आणि फाल्गुनातले ऊन आमच्या भागात एव्हाना डोक्यावर बसू लागलेले असते. अशा वेळी मोताळ्याच्या रस्त्याने चालणारा माणूस नकळत सावली शोधतो. एरवी आपण कुठल्याही हॉटेलात शिरतो, चहा घेतो, पंख्याखाली बसतो. रोजात ते नसते. मग कुठल्या वळणावर झाड आहे, कुठे होते आणि आता नाही, याचा हिशेब पाय आपोआप ठेवू लागतात. रोजा माणसाला भुकेल्याची भूक कळावी म्हणून असतो, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मला तो गेली काही वर्षे उन्हात बसून पोट भरणाऱ्यांचे ऊनही दाखवतो आहे.

यंदा रमजान आणि फाल्गुन जवळजवळ एकाच चंद्राने सुरू झाले. पळस फुलले, होळी रोजांच्या दिवसांत आली, आणि पाडवा झाला की एक-दोन दिवसांत ईद. पाडव्याला घराघरांत कडुनिंबाचा डहाळा लागेल. तो डहाळा ज्या झाडावरून यायचा, त्या झाडाबद्दल आज लिहायचे आहे.

आमच्या घराजवळच्या वळणावर एक निंब होता. त्याच्याखाली जोडे शिवणारे एक काका पेटी मांडून बसत. उन्हाळ्यात एक बाई टरबुजे घेऊन येई. गाडीची वाट पाहणाऱ्या बायाबापड्या, दवाखान्यातून परतणारी म्हातारी माणसे, शाळा सुटलेली पोरे, सगळी त्याच सावलीत. दादी सांगायची की तिचे लग्न होऊन ती या गावात आली, तेव्हाही निंब एवढाच मोठा होता.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी तो तोडला गेला. कारण काय, परवानगी होती की नव्हती, हे तिथे उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते. मीही त्या गर्दीत होतो. मी काय केले? मोबाइल काढला, व्हिडिओ घेतला आणि गटावर टाकला. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. कागद दाखवा, एवढे दोन शब्द मला सुचले नाहीत. एका पोराने विचारले, ‘मामू, हे झाड कोणाचं होतं?’ मी म्हणालो, ‘सरकारचं.’ जोडे शिवणारे काका पेटी उचलता उचलता म्हणाले, ‘सरकारचं म्हणजे कोणाचंच नाही भाऊ.’

काका नंतर काही दिवस काळी छत्री बांधून बसले. पुढे त्यांनी जागा बदलली. टरबुजेवाली बाई पुन्हा दिसली नाही. पुस्तकी भाषेत याला पर्यावरणाचा ऱ्हास म्हणतात. आमच्या वळणावर त्याचा अर्थ दोन घरांचा धंदा बसला, इतका साधा होता.

काकांचे ते वाक्य मला सोडत नाही. नीट पाहिले तर आपल्या गावांत मोठी झाडे कुठे टिकली आहेत? दर्ग्याच्या आवारात, कब्रस्तानात, मारुतीच्या पारावर, एखाद्या मठाच्या मागे. दर्ग्यातल्या चिंचेला हात लावायला कुणी धजत नाही. पारावरच्या पिंपळाची फांदी तोडायची तरी चार माणसे विचार करतात. तिथे झाडाला वारस आहे. रस्त्याकडेच्या, बाजारातल्या, शाळेच्या कुंपणाबाहेरच्या झाडाला वारस नाही. ते हिंदूचे नाही, मुसलमानाचे नाही, कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. आणि खरे पाहता त्याच झाडाखाली सगळे बसतात. जे सगळ्यांचे, ते बेवारस, अशी उलटी रीत आपण पाडून घेतली आहे.

इस्लाममध्ये अमानत नावाची एक कल्पना आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे सांभाळायला ठेवलेली असेल, तर ती जशीच्या तशी परत करणे हे ईमानाचे काम मानले जाते. पृथ्वी माणसाच्या मालकीची नसून त्याच्याकडे सांभाळायला दिलेली आहे, असे आमचे उलेमा सांगतात. प्रेषित हजरत मुहम्मद यांनी मदिना शहराभोवतीचा परिसर राखीव ठरवला होता, तिथली झाडे तोडायला आणि शिकार करायला मनाई होती. पहिले खलिफा हजरत अबू बकर यांनी लढाईवर निघालेल्या फौजेलाही फळझाडे तोडू नका, अशी ताकीद दिली होती. एखाद्याने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तरी लावणाऱ्याच्या नावावर ते दान जमा होते, अशी हदीस आहे. माणूस गेल्यानंतरही ज्याचे पुण्य चालू राहते, त्या दानाला सदका-ए-जारिया म्हणतात. महाराष्ट्राला यात नवे काही नाही. आपल्याकडे देवराया आहेत, तुकोबांनी झाडांना नात्यात घेतले, आणि शिवकाळाचा कारभार सांगणाऱ्या आज्ञापत्रात रयतेच्या झाडांना जुलमाने हात लावू नये, अशी सक्त सूचना आहे.

पण शिकवण सांगणे सोपे. आधी आपल्या अंगणात पाहू. कितीतरी मशिदींच्या आवारात आम्ही कडेपासून कडेपर्यंत फरशी बसवली. जुन्या झाडाच्या बुंध्याला सिमेंटचा गोल ओटा बांधला, रंग दिला आणि झाडाची सेवा केली असे समजलो. मुळांना पाणी जायला वाट ठेवली नाही. इफ्तारीच्या थर्माकोलच्या प्लेटा आणि प्लास्टिकचे ग्लास संध्याकाळी नाल्यात जातात आणि तिथून नदीत. मंदिरांच्या पारांना आणि शाळांच्या अंगणांना हीच फरशी लागली आहे. दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकायला सांगितले होते. गावातल्या झाडालाही तेवढाच श्वास लागतो. त्यासाठी आपल्याला कोणत्या लवादाची वाट पाहायची गरज नाही.

आता प्रश्न उरतो की वारस व्हायचे म्हणजे करायचे काय. यासाठी महाराष्ट्रातल्याच तीन ठिकाणांकडे पाहू.

सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यात भोसे नावाचे गाव आहे. तिथे यल्लम्माच्या देवळाजवळ सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वड होता. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात २०२० साली तो तोडला जाणार होता. देऊळ शेजारी असूनही आखणी झाडावरूनच गेली होती, हे लक्षात घ्या. देवाची सावली दर वेळी पुरत नाही, शेवटी माणसांनाच उभे राहावे लागते. कोरोनाचे दिवस होते. तरी गावकरी आणि परिसरातले वृक्षप्रेमी वडापाशी जमले, आवाज मुंबईपर्यंत गेला. त्या वेळचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्याकडे विषय नेला आणि रस्त्याची आखणी बदलून वड वाचवण्याचा निर्णय झाला. रस्ताही झाला. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, तो वड उन्मळून पडला. म्हणजे गावकऱ्यांची धडपड वाया गेली का? मला तसे वाटत नाही. पण त्यातून एवढे शिकायला हवे की कुऱ्हाड थांबली म्हणजे काम संपले असे होत नाही. जुने झाड घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखे असते. त्याची रोजची विचारपूस करावी लागते.

दुसरे ठिकाण मुंबईतले आरे. मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडे तोडण्याविरुद्ध लोक वर्षानुवर्षे बोलत होते. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे पडू लागली. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली आणि ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे गेली होती. कारशेड पुढे तिथेच झाली, मेट्रोही धावू लागली. पण २०२२ मध्ये आणखी ८४ झाडांसाठी मेट्रोच्या कंपनीला सर्वोच्च न्यायालयाच्या दारात जावे लागले, आणि त्या परवानगीपलीकडे जाऊन जास्त झाडांची मागणी रेटल्याबद्दल २०२३ मध्ये १० लाख रुपयांचा दंड भरण्याचा आदेश झाला. लोक उठले नसते तर एवढा हिशेब कुणी मागितला नसता. आणि तीन दिवस आधी जाग आली असती, तर कदाचित तो आकडाही वेगळा असता.

तिसरे ठिकाण नवी मुंबईतला नेरुळचा तलाव. खाडीचे पाणी आत येण्याची वाट बंद झाली आणि २०२४ मध्ये तिथे उतरणारे फ्लेमिंगो अडचणीत आले, काही मेले. आसपासच्या सोसायट्यांतले लोक, निवृत्त माणसे, विद्यार्थी रस्त्यावर आले, तक्रारी करत राहिले. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. तिथल्या लोकांनी पक्ष्यांवर भाषणे करण्यापेक्षा पाणी कुठे अडले आहे ते शोधून दाखवले, म्हणून काम झाले.

कुणी म्हणेल, ही सगळी मोठ्या शहरांची कौतुके. तिथे वकील आहेत, टीव्हीवाले आहेत. मोताळ्यात कोण येतो? मग आपल्याच जिल्ह्याकडे पाहू. लोणारचे सरोवर २०२० साली जूनमध्ये गुलाबी झाले तेव्हा जगाने पाहिले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पण त्याच्या कितीतरी आधी, २००९ मध्ये, सरोवरात जाणारे सांडपाणी आणि काठावरची वेडी बाभूळ यांच्यासाठी साधे नागरिक नागपूर खंडपीठात गेले होते. दर्जा मिळाला तो दिवस एक, त्याआधीच्या तारखा मोजायला वर्षे लागली.

त्याहून जवळचे उदाहरण आपल्या तालुक्यातले आहे. पाणी फाउंडेशनच्या २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने साताऱ्याच्या भांडवलीसोबत राज्यात दुसरा क्रमांक मिळवला. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस, विदर्भाच्या भर उन्हात, माणसांनी टिकाव-फावडी चालवून चर खोदले, बांध घातले. शेवटच्या दिवसांत तर रमजानही लागला होता. तेव्हा कुणी विचारले नाही की हे पाणी कोणाचे. शिवारात मुरणारे पाणी जात-धर्म विचारून मुरत नाही, हे सगळ्यांना कळत होते. ज्या तालुक्याने सरकारी डोंगरउतार आपला मानून खोदला, त्या तालुक्याला रस्त्यावरचा निंब आपला मानणे अवघड का जावे?

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. रस्ते नकोत का? मला रस्ते हवेत. राजूर घाटातून आजारी माणसाला बुलडाण्याला नेताना प्रत्येक मिनिट किती जड जाते, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तारांवर झुकलेली फांदी कापावी लागते, वाळलेले झाड कुणाच्या अंगावर पडण्याआधी काढावे लागते, हेही खरे. माझे म्हणणे एवढेच आहे की आधी विचारले जावे. रस्ता चार हात सरकवता येतो का, फांदी छाटून भागते का, नाली झाडाला वळसा घालून जाऊ शकते का. भोसेमध्ये महामार्ग वळू शकला, तर गल्लीतली नाली वळायला हरकत नसावी. हे प्रश्न विचारायला कुणी नसले की झाड तोडणे सगळ्यांत स्वस्त पडते.

आणि विचारण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. नगरपंचायत झाल्यापासून मोताळा कागदोपत्री शहर आहे, आणि महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून वेगळा कायदा आहे. त्यानुसार स्थानिक संस्थेचे वृक्ष प्राधिकरण असते, झाडांची ठरावीक काळाने गणना व्हायला हवी. झाड तोडायचे असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि त्या झाडावर दिसेल अशी नोटीस चिकटवावी लागते, म्हणजे लोकांना हरकत घेता यावी. परवानगी मिळाल्यानंतरही पंधरा दिवस झाडाला हात लावता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले आहे आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावण्याची अट घातली आहे. आमच्या वळणावरचा निंब दादीच्या लग्नाआधीचा होता. म्हणजे कायद्याच्या भाषेत तोही वारसाच. हे मला त्या सकाळी माहीत असते, तर खिशातल्या मोबाइलआधी तोंडातून प्रश्न निघाला असता.

दर जुलैत आपण वृक्षारोपण करतो. खड्डा, रोप, पाच हात एका रोपाला, फोटो. दिवाळीपर्यंत त्या खड्ड्यात रोप असेलच असे नाही. लावू नये असे मी म्हणत नाही. कयामत समोर दिसत असेल आणि हातात रोप असेल तरी ते लावून टाका, अशी आमच्याकडे शिकवण आहे. पण आज लावलेल्या रोपाखाली जोडे शिवणाऱ्या काकांना बसता येईल, तोवर काकांचे नातू म्हातारे झालेले असतील. उभे आहे ते राखणे हे लावण्याइतकेच पुण्याचे आणि त्याहून तातडीचे काम आहे. त्याचा फोटो मात्र निघत नाही, कारण काहीच घडलेले नसते. झाड काल होते तिथेच आज असते.

म्हणून ईदपर्यंत आपण मिळून तीन-चार साधी कामे करू शकतो. प्रत्येक मोहल्ल्यातल्या आणि पेठेतल्या दोन मुलांनी आपल्या भागातली मोठी झाडे वहीत लिहावीत, कुठे आहे, कोणते आहे, बुंध्याचा घेर किती. वहीची एक प्रत नगरपंचायतीत देऊन पोच घ्यावी. ज्या झाडाची नोंद आहे, ते एका रात्रीत नाहीसे होणे अवघड होते. मशिदीत वजूचे पाणी दिवसातून पाच वेळा वाहते. वाहत्या नदीकाठी बसून वजू करतानाही पाणी वाया घालवू नका, अशी शिकवण सांगितली जाते. ते पाणी नालीत सोडण्याऐवजी एका पन्हाळीने झाडाच्या मुळाशी नेता येईल. देवळाच्या नळाखालचे आणि शाळेतल्या टाकीचे पाणीही तसेच वळवता येईल. बुंध्याभोवतीचा सिमेंटचा ओटा हातभर मागे सारावा. इफ्तार पत्रावळीवर व्हावा, म्हणजे आपल्या तालुक्यातून वाहणाऱ्या नळगंगेला आपली ईद सोसावी लागणार नाही.

आणि एखाद्या सकाळी करवतीचा आवाज आलाच, तर जो कोणी जवळ असेल, रोजेदार असो की उपवासवाला की नुसता चहा पिणारा, त्याने जाऊन शांतपणे नोटीस कुठे आहे, परवानगी कुठे आहे, एवढे विचारावे. भांडण करायची गरज नाही. दहा माणसांनी हा प्रश्न विचारला की कागद येईपर्यंत काम थांबते, आणि कधी कधी तेवढ्यात दुसरा मार्ग सुचतो.

परवा असरच्या आधी मी बाजाराकडे गेलो होतो. जोडे शिवणारे काका आता दुसऱ्या एका निंबाखाली बसतात. झाड लहान आहे, सावलीही त्यांच्या पेटीपुरतीच. फाल्गुनाची पानगळ होऊन गेलेली, टोकांना तांबूस नवी पालवी फुटलेली. मी विचारले, ‘काका, हे झाड कोणाचं?’ त्यांनी हातातला जोडा खाली ठेवला, वर पाहिले आणि म्हणाले, ‘आता माहं समजा.’

त्यांचे नाव मी वहीत त्या झाडासमोर लिहून टाकले आहे. बाकीच्या झाडांसमोरच्या जागा रिकाम्या आहेत. पाडव्याआधी, ईदआधी, त्यांतली एक आपण भरावी, एवढीच रमजानच्या निमित्ताने आपल्या सगळ्यांना विनंती.